पोस्ट बेसिक, नाइट ड्युटी आणि चाळीसची सिरिंज

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन सहा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार कोल्हापूरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. सहा महिन्यांपासून शिफ्ट इन्चार्ज आहे. पुढं शिकायचं आहे, पण पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची दोन वर्षांची डिग्री) करू, क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा डिप्लोमा करू, की नर्स प्रॅक्टिशनर, हे ठरत नाही. शिकवण्यात मला रस नाही, पेशंटजवळच राहायचं आहे. एका एजंटनं सांगितलं की परराज्यातल्या कॉलेजात पोस्ट बेसिकला नाव घाला, हजेरी ते बघून घेतील, परीक्षेपुरतं या, ड्युटी चालू ठेवा. पगार घरात लागतो, त्यामुळे मोह होतो. दुसरं म्हणजे, गेल्या महिन्यात माझ्या शिफ्टमधल्या नव्या मुलीनं पेनच्या कार्ट्रिजमधून चाळीसच्या सिरिंजनं इन्सुलिन काढलं. टोचायच्या आधी माझ्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून औषधांची धास्ती बसली आहे. डिग्री झाली की हा आत्मविश्वास येईल असं वाटतं. अभ्यास आणि ही जबाबदारी दोन्ही कसं जमवू?
— आयसीयूतली सिस्टर, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार सिस्टर,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आधी घेते, कारण बाकीचा निर्णय त्याच्यावर उभा आहे. पोस्ट बेसिक बीएस्सीच्या दोन वर्षांत औषधशास्त्राचा वेगळा पेपरच नाही. पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशन, आहारशास्त्र, बायोकेमिस्ट्री, मानसशास्त्र, मायक्रोबायॉलॉजी, मॅटर्नल, चाइल्ड हेल्थ, मेडिकल-सर्जिकल आणि इंग्रजी. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, कम्युनिटी हेल्थ, मेंटल हेल्थ, नर्सिंग शिक्षण, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र. हे विषय कामाचे आहेत आणि डिग्री घ्यायलाच हवी असं माझं मत आहे. पण इन्सुलिन आणि बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनची धास्ती त्यानं जाणार नाही. ती वॉर्डातच सोडवावी लागेल, आणि कॉलेजात जायच्या आधी. म्हणून मी आधी औषधांकडे वळते, मग प्रवेशाकडे.

ज्या चुकीमुळे तुमची झोप उडाली, तिचा हिशेब एकदा कागदावर मांडा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक व्हायल ४० युनिट प्रति मिली असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १ मिलीत ४० खुणा. पेनचं कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिली, ३ मिलीत ३०० युनिट. त्यातून लाल टोपणाच्या सिरिंजनं १६ ची खूण गाठली तर ०.४ मिली आलं, म्हणजे ४० युनिट. ऑर्डर १६ ची, गेलं असतं अडीचपट. ही चूक सगळ्यांना माहीत असते. उलटी चूक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त फसवी आहे. नारिंगी टोपणाच्या १०० च्या सिरिंजनं ४० च्या व्हायलमधून १६ खुणा काढल्या तर पेशंटला जेमतेम ६.४ युनिट मिळतात. शुगर उतरत नाही. राउंडला डॉक्टर डोस वाढवून २४ करतात, मग ३०. तिसऱ्या दिवशी दुसरी सिस्टर बरोबर सिरिंज घेते, पूर्ण ३० युनिट जातात आणि पहाटे पेशंट घामानं भिजलेला सापडतो. चूक एकीची, परिणाम दुसरीच्या शिफ्टमध्ये. म्हणून इन्सुलिनचा डोस दोन-तीनदा वाढवूनही शुगर हलत नसेल, तर डोस पुन्हा वाढवून घेण्याआधी ट्रेमधली सिरिंज बघा.

वॉर्डात याला सरळ उपाय आहे. आयसीयूत इन्सुलिनच्या व्हायल एकाच ताकदीच्या ठेवायच्या आणि १०० च्या सिरिंजा स्टोअरला परत करायच्या. पेन पेशंटचं स्वतःचं असेल तर ते त्याच्या नावाच्या डब्यात, पेनच्या सुयांसकट, आणि कार्ट्रिजमध्ये सिरिंज घालायची नाही हा नियम इन्चार्जच्या सहीनं फ्रिजच्या दारावर लावायचा. कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढलं की आत हवा शिरते आणि पुढचे डोसही चुकतात, हे नव्या मुलींना सांगितलेलं नसतं. सुई बदलूनही एकाचं पेन दुसऱ्याला वापरायचं नाही, कारण टोचल्यावर सूक्ष्म प्रमाणात रक्त कार्ट्रिजमध्ये मागं येऊ शकतं. व्हायल उघडल्याची तारीख पेननं लेबलवर लिहायची. उघडलेली व्हायल साधारण २८ दिवसांच्या पुढं ठेवत नाहीत, न उघडलेली २ ते ८ अंश सेल्सिअसला. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून गोठलेली व्हायल वितळवून वापरायची नाही, टाकून द्यायची.

इन्सुलिनचं इन्फ्युजन लावताना ५० युनिट ५० मिलीत घेतलं की १ मिली म्हणजे १ युनिट, हिशेब सोपा राहतो. पण ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे १.२५ मिली, लाल टोपणाची एक सिरिंज पूर्ण भरून आणि वर १० खुणा. इथं घाईत एकच सिरिंज भरली जाते आणि मिश्रण कमजोर होतं. शिवाय इन्सुलिन प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतं. नवी नळी लावल्यावर पहिलं २० मिली नळीतून सोडून द्यावं, मग पेशंटला जोडावं. ते केलं नाही तर पहिल्या तासांत शुगर उतरत नाही, रेट वाढवला जातो आणि नंतर एकदम खाली येते.

आता पोटॅशियम. आपल्याकडची नेहमीची अँप्यूल १५ टक्क्यांची, १० मिली, तिच्यात २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक). पातळ न करता ती थेट शिरेत कधीच जाता कामा नये, हे तुम्हाला माहीत आहे. प्रश्न पडतो तो मिसळण्याचा. स्टँडवर उलट्या टांगलेल्या सलाईनमध्ये पोटॅशियम टोचलं तर ते जड असल्यानं तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं आणि पेशंटला पहिल्या काही मिनिटांत दाट डोस जातो. नळी बंद करायची, बाटली उतरवायची, औषध घालायचं, आठ-दहा वेळा वरखाली करायची, लेबल लावायचं, मगच टांगायची. ५०० मिलीत एक अँप्यूल म्हणजे लिटरला ४० एमईक्यू. हातातल्या साध्या शिरेला यापेक्षा दाट लावत नाहीत आणि तासाला १० एमईक्यूच्या वर नेत नाहीत. ती बाटली चार तासांत सोडली तर तासाला ५ एमईक्यू होतात. त्यापेक्षा दाट किंवा जलद हवं असेल तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), मॉनिटर आणि लेखी ऑर्डर, तिन्ही हवीत. लावण्याआधी युरोबॅगकडे नजर टाका. लघवी होत नसेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग अँप्यूल. आणि पोटॅशियमच्या अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या कप्प्यात असतील तर आजच हलवा. वेगळा लाल डबा, झाकणावर ठळक ‘पातळ करूनच’, आणि वॉर्डात मोजक्याच अँप्यूल. बाकीच्या फार्मसीत राहू द्या.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची ५ मिलीची व्हायल दोन ताकदींत मिळते, १००० युनिट प्रति मिली आणि ५००० युनिट प्रति मिली. आकार जवळपास सारखाच आणि फरक पाचपट. इंडेंट (औषधांची मागणी) भरताना ताकद लिहिली नाही तर फार्मसी हाताला येईल ती पाठवते. तुमच्या आयसीयूत दोन्ही असतील तर एकच ठेवायला सुपरिटेंडंट मॅडमना लेखी सांगा.

नॉरअॅड्रेनालिनला मी थोडा जास्त वेळ देते, कारण आयसीयूतली सर्वांत जास्त गडबड सिरिंज बदलताना होते. २ मिलीच्या अँप्यूलमध्ये साधारणपणे २ मिलिग्रॅम मूळ औषध असतं, जे बायटार्ट्रेट क्षाराच्या रूपात ४ मिलिग्रॅम होतं. लेबलवर कधी एक आकडा ठळक असतो, कधी दुसरा. एक सिस्टर ‘४ मिलिग्रॅम’ म्हणून एक अँप्यूल ५० मिलीत घालते, दुसरी दोन घालते. दोघींच्या लेबलवर ‘४ मिलिग्रॅम ५० मिलीत’ असंच लिहिलेलं, पण एक सिरिंज ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची आणि दुसरी ८० ची. पंप तासाला ४.५ मिलीवरच ठेवला आणि सिरिंज बदलली की डोस दुप्पट किंवा निम्मा. बीपी का बिघडलं ते कुणालाच कळत नाही. उपाय असा की मिश्रण अँप्यूलच्या संख्येत ठरवायचं, भिंतीवर लावायचं आणि लेबलवर मिलीत किती मायक्रोग्रॅम ते लिहायचं. दोन अँप्यूल एकूण ५० मिलीत, ८० मायक्रोग्रॅम प्रति मिली. मग हिशेब : ६० किलोचा पेशंट, ऑर्डर मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६०, भागिले ८०, म्हणजे तासाला ४.५ मिली. हे औषध शरीरात काही मिनिटांतच संपतं, त्यामुळे सिरिंज रिकामी होऊन अलार्म वाजल्यावर नवी भरायला घेतली तर तेवढ्यात बीपी कोसळतं. ५ मिली उरलेलं असतानाच नवी सिरिंज लेबलसकट दुसऱ्या पंपावर तयार हवी.

दुहेरी तपासणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. प्रत्येक औषधाला दोन सह्या मागितल्या की आठवड्याभरात ती नुसती सही होते, तपासणी राहत नाही. तुम्ही फक्त चारच ठरवा : इन्सुलिन, पोटॅशियम, हेपरिन आणि पंपावरची बीपीची औषधं. त्यांची तपासणी मात्र खरी हवी. ‘हे ४.५ आहे ना गं?’ असं विचारलं तर समोरची ‘हो’च म्हणते. तिला उत्तर सांगू नका. वजन, ऑर्डर आणि अँप्यूल हातात द्या, तिला स्वतः हिशेब करू द्या, मग दोघींचे आकडे जुळवा. नव्या मुलीलाही हे शिकवा की इन्चार्जचं उत्तर चुकलं असं वाटलं तर तिनं थांबवायचं. गेल्या महिन्यात तुम्ही तिला वाचवलंत, उद्या ती तुम्हाला वाचवेल.

त्या प्रसंगाचा इन्सिडंट रिपोर्ट अजून भरला नसेल तर भरा, ‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेली चूक, म्हणून. त्यात मुलीच्या बेजबाबदारपणावर वाक्यं नकोत. ट्रेमध्ये कोणत्या सिरिंजा होत्या, कार्ट्रिज कुठून आलं, त्या वेळी तिच्याकडे किती पेशंट होते, फोन वाजत होता का, एवढंच लिहा. शिक्षा होते हे दिसलं की पुढच्या चुका लपवल्या जातात आणि तुम्हाला त्या कळायच्या बंद होतात. औषधामुळे अपाय झाला असेल तर तो प्रकार वेगळा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडे सिस्टरसुद्धा करू शकते, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर.

इन्चार्ज म्हणून नार्कोटिक्सच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे येते. एक सवय पक्की करा : अँप्यूल मोजून झाल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही. रजिस्टरमधला आकडा वाचून नव्हे, देणारी आणि घेणारी दोघींनी कपाट उघडून. १०० मायक्रोग्रॅमच्या फेंटानिलमधलं ५० दिलं तर उरलेलं ५० साक्षीदारासमोर टाकून लगेच दोन सह्या. ‘सकाळी करू’ म्हणून राहिलेली सही पुढं कुणाचीच होत नाही, आणि हिशेब जुळला नाही तर नाव तुमचं येतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं आहेत, हलगर्जीपणा परवडत नाही.

फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची, आकडा सुटा सुटा करून : ‘एक-पाच, पंधरा मिलिग्रॅम’. दुसरीनं भरलेली, लेबल नसलेली सिरिंज टोचायची नाही, मग ती कितीही सीनियर असो. सगळ्या पेशंटचे सहाचे डोस एकाच ट्रेत भरून निघायचं नाही. आणि चार्टवर सही औषध दिल्यावर, आधी नाही. पेशंटनं गोळी थुंकली, शीर सुजली, प्रोसीजरला खाली नेलं, आणि सही मात्र झालेली, असं रोज कुठं ना कुठं घडतं.

आता शिक्षण.

एजंटचा विषय आधी संपवते. नाही म्हणा. पोस्ट बेसिक हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची १०० टक्के भरून द्यावी लागते. तुम्ही कोल्हापुरात नाइट करत असताना ही हजेरी परराज्यात लागणार असेल, तर ती खोटी आहे आणि तिच्यावर सही तुमची आहे. हे उघड होत नाही असं एजंट सांगतो. उघड होतं. तुमच्या पीएफ खात्यात त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक महिन्याचा भरणा दिसतो. पुढं सरकारी नोकरीच्या कागदपत्र तपासणीत तुम्ही त्याच काळाचा अनुभव दाखला आणि त्याच काळाची पूर्णवेळ डिग्री समोर ठेवाल, तेव्हा पडताळणारा पहिला प्रश्न हाच विचारेल. परदेशी जायचं मनात आलं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला विषयवार थिअरी आणि क्लिनिकलचे तास कॉलेजकडून थेट हवे असतात. दोन वर्षांची फी, डिग्री आणि सहा वर्षांचा खरा अनुभव, सगळंच संशयात येतं. एका पगारासाठी एवढं गमावू नका.

आता तीन पर्यायांकडे. नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे, त्याला बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक लागतं. जीएनएमवर थेट जाता येत नाही. म्हणजे आजच्या घडीला तो तुमच्यासाठी पर्याय नाही, दुसरा टप्पा आहे. तो टप्पा तुमच्या स्वभावाला जुळणारा आहे, कारण त्यात क्रिटिकल केअरचं औषधशास्त्र, पॅथोफिजिऑलॉजी आणि पेशंटची सखोल तपासणी हे मुख्य विषय आहेत. तुम्हाला ज्या ज्ञानाची ओढ आहे ते तिथं आहे. फक्त वेगळं पद आणि वेगळा पगार देणारी हॉस्पिटलं आपल्याकडे अजून थोडी आहेत, हे धरून चला.

क्रिटिकल केअर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा. जीएनएम आणि वर्षभराचा अनुभव यावर होतो आणि बराचसा वेळ प्रत्यक्ष आयसीयूतच जातो. हात पक्का होतो. पण तो डिग्रीची पायरी नाही, त्यावर एमएस्सी किंवा नर्स प्रॅक्टिशनरला प्रवेश मिळत नाही. तुम्ही चार वर्षं आयसीयूत काढलेली आहेत. घरची परिस्थिती दोन वर्षं पगार सोडू देतच नसेल तर डिप्लोमा घ्या, नाहीतर माझा कौल नियमित पोस्ट बेसिकला आहे.

त्यातही एक आकडा आत्ताच डोक्यात ठेवा : ५५ टक्के. एमएस्सीला आणि नर्स प्रॅक्टिशनरलाही डिग्रीत एकूण किमान ५५ टक्के लागतात. पोस्ट बेसिक पास व्हायला ५० पुरतात. नाइट करून, अर्ध्या झोपेत, कसाबसा पास झालेला विद्यार्थी ५१-५२ वर अडकतो आणि पुढची दारं बंद होतात. म्हणून मी म्हणते, दोन वर्षं करायची तर पूर्णवेळ करा, आयसीयूच्या ड्युट्या सोडून. शनिवारी-रविवारी ओळखीच्या नर्सिंग होममध्ये एखादी दिवसपाळी समजू शकते. नाइट नको. रात्रभर जागून सकाळी क्लिनिकलला आणि रात्री पुन्हा पंपांसमोर, हे तुमच्या अभ्यासापेक्षा पेशंटच्या जिवावर बेतणारं आहे.

कॉलेज निवडताना तीन कागद बघा : राज्य शासनाची परवानगी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या त्या वर्षीच्या यादीतलं नाव. यादीत ‘बीएस्सी’ समोर जागा आहेत म्हणजे ‘पोस्ट बेसिक’ला आहेतच असं नाही, रकाना वेगळा असतो. २०२३ च्या कायद्यानं १९४७ च्या कायद्याखालच्या नर्सिंग कौन्सिलच्या जागी नवा राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद केली आहे, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीची सूचना वाचूनच पुढं जा. प्रवेशाचे नियम राज्य सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, मैत्रिणीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर नाही. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या आदेशात असते. कॉलेजनं सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. आणि कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल एकदा संध्याकाळी जाऊन बघा : खाटा भरलेल्या आहेत का, आयसीयू चालू आहे का. रिकाम्या वॉर्डात क्लिनिकल म्हणजे नुसती वही भरणं.

पैशांचा हिशेब असा करा. घरखर्चात तुमच्या पगारातून महिन्याला जे जातं त्याच्या २४ पट, अधिक दोन वर्षांची फी, परीक्षा, युनिफॉर्म, प्रवास. त्यातून शिल्लक आणि घरच्यांची मदत वजा करा. उरलेली रक्कम शैक्षणिक कर्जात बसत असेल तर जा. बसत नसेल तर एक वर्ष थांबून साठवा. बऱ्याच ट्रस्टची स्वतःची नर्सिंग कॉलेजं आहेत आणि ती आपल्या सिस्टरना बाँडवर पाठवतात. तुमच्या हॉस्पिटलला आधी विचारून बघा. बाँड असेल तर किती वर्षं, किती रक्कम, मध्ये सोडलं तर काय, हे सगळं लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका, साक्षांकित प्रती द्या.

आणखी एक वाट तुमच्या पत्रात नाही, पण ती वयामुळे आत्ताच बघायला हवी. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला (नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा) बीएस्सी लागतेच असा समज आहे. तो चुकीचा. जीएनएम आणि किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव असेल तर बसता येतं. वयाची कमाल मर्यादा सर्वसाधारण गटाला ३० आहे, राखीव गटांना सवलत आहे. तुम्ही २८ च्या. पोस्ट बेसिक करून मग बसू म्हणालात तर खुल्या गटात वय निघून जाईल. तेव्हा कॉलेजची तयारी चालू ठेवून येणारी नॉरसेट देऊन टाका. लागली तर पगार सुटणार नाही, आणि पुढचं शिक्षण नोकरीत राहून रीतसर परवानगीनं घेण्याचा विचार करता येईल. त्या अर्जासाठी अनुभव दाखल्यावर खाटांची संख्या आणि तुमचं पद लिहिलेलं हवं. तो दाखला एचआरकडून आजच मागून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.

प्रवेशापर्यंतचे महिने ड्युटी आणि अभ्यास दोन्ही राहणारच. त्यात काही गोष्टी पाळा. नाइटच्या दिवसांत अभ्यास ठेवू नका. नाइटवरून आल्यावर झोप, उठल्यावर फार तर उजळणीचा एक तास. खरा अभ्यास दिवसपाळीच्या आठवड्यात आणि ऑफला. सकाळची ड्युटी करून संध्याकाळी क्लास आणि रात्री लगेच नाइट असा रोटा कुणी लावला तर बदलून मागा, आणि कारण लेखी द्या. वॉर्डात पुस्तक उघडू नका, मोबाइलवर प्रश्नसंच तर नाहीच. औषध काढायच्या टेबलापाशी फोन ठेवायचा नाही, हा नियम सगळ्यांसाठी करा आणि स्वतःपासून सुरू करा.

नाइटला सर्वांत कठीण वेळ पहाटे तीन ते पाच, आणि तेव्हाच सहाच्या डोसची तयारी सुरू होते. म्हणून जे काम रात्री ताज्या डोक्यानं होऊ शकतं ते आधी उरका. हँडओव्हर घेताना प्रत्येक पेशंटची नळी बाटलीपासून हातापर्यंत बोटानं मागोवा घेत बघा, पंपावरचा रेट वाचा आणि त्यावरून किलोमागे किती जातंय ते स्वतः काढा. कागदावर वजन, मिश्रण, रेट आणि सिरिंज किती वाजता संपेल ते लिहा. एखादी पहाटे चारला संपणार असेल तर बदल दोनलाच करा. आणि या हिशेबांची वही जपून ठेवा. नॉरसेटला औषधांच्या हिशेबाचे प्रश्न येतात, आणि रोज रात्री खऱ्या पेशंटवर हे गणित करणारीला ते वेगळे शिकावे लागत नाहीत.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुमची नोंदणी कधी संपते तेही बघून घ्या. नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला सतत शिक्षणाचे तास लागतात. तुमच्या हॉस्पिटलात औषध सुरक्षेवर कार्यशाळा होत असेल तर कौन्सिलची मान्यता असलेलीच निवडा, म्हणजे तास जमा होतील. पोस्ट बेसिक झाल्यावर जादा पात्रतेची नोंद कौन्सिलकडे वेगळी करावी लागते, ती राहिली तर एमएस्सी किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या अर्जाला अडचण येते.

तर या आठवड्यात तीन कामं : निअर मिसचा रिपोर्ट, १०० च्या सिरिंजा स्टोअरला परत, आणि एचआरकडे अनुभव दाखल्याचा अर्ज, पोच घेऊन. एजंटला फोन करायची गरज नाही. आगाऊ रक्कम दिली असेल तर मात्र लेखी परत मागा, आणि तुमच्या प्रमाणपत्रांची जी काही प्रत त्याच्याकडे असेल तीही.